किल्लीची मुदत : मुले, मदतनीस आणि घराचा प्रवेशाधिकार

घराच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा चोराभोवती फिरते. परंतु ज्यांना घरमालकाने स्वतः आत येण्याची मुभा दिलेली असते, त्यांच्या येण्याजाण्याची व्यवस्था कशी लावावी, हा त्याहून रोजचा प्रश्न असून त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. नवराबायको दोघेही कामाला जाणाऱ्या घरात दुपारी शाळेतून परतणारे मूल, धुण्याभांड्याच्या मावशी, संध्याकाळी पोळ्या करून जाणाऱ्या बाई आणि घरात वृद्ध असल्यास त्यांची देखभाल करणारी मदतनीस, अशा सर्वांना दार उघडता यावे लागते. या मुभेला प्रस्तुत व्याख्यानात ‘प्रवेशाधिकार’ असे म्हटले आहे. तो कोणाला द्यावा, याचा विचार मराठी मध्यमवर्गात भरपूर होतो. बाई कोणाच्या ओळखीची, किती वर्षे कुठे कामाला होती, हे सारे विचारले जाते. मात्र तो किती वेळासाठी दिला आणि त्याचा वापर झाल्याचे कसे कळणार, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि सगळा घोटाळा नेमका तेथेच होतो.

किल्ली लपवण्याच्या जागांचे विवेचन येथे करण्याचे कारण नाही. तुळशीची कुंडी, चपलांचे कपाट, पायपुसणे आणि मीटरची पेटी ही यादी श्रोत्यांना पाठ आहे, आणि ज्यांच्यापासून ती लपवायची त्यांनाही. (हशा) ज्या श्रोत्यांनी आत्ता एकमेकांकडे पाहिले, त्यांनी आज घरी जाताच किल्लीची जागा बदलावी. (पुन्हा हशा)

किल्ली म्हणजे काय, हे मात्र थोडे पाहावे लागेल. बहुतेक फ्लॅटच्या दाराला लॅच असतो, म्हणजे दार ओढून घेताच आपोआप लागणारे कुलूप. आज सर्रास आढळणाऱ्या प्रकारात एका नळकांड्यात स्प्रिंगांवर पितळी पिनांची रांग बसवलेली असते, योग्य किल्लीचे दाते त्यांतील प्रत्येक पिनेला ठरावीक उंचीवर आणतात आणि तेव्हाच नळकांडे फिरते. या रचनेला लायनस येल या नावाच्याच पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तिचे आजचे रूप दिले. तेव्हा किल्ली हा धातूचा तुकडा दिसत असला, तरी प्रत्यक्षात ती काही उंचींची नोंद असते, आणि नोंद उतरवून घेता येते. फुटपाथवर बसणारा किल्लीवाला ती काही मिनिटांत उतरवतो. जाणकाराला ती स्वच्छ छायाचित्रावरूनही वाचता येते, म्हणून नव्या घराचा ताबा मिळाल्याच्या आनंदात हातातल्या किल्लीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याची जी रीत पडली आहे, ती फार महागाची हौस आहे. यावरून असे निष्पन्न होते की दिलेली किल्ली परत मिळाली, तरी दिलेला प्रवेशाधिकार परत मिळतोच असे नाही.

या संदर्भात कुलपांच्या इतिहासातील एका प्रकरणाचा थोडक्यात उल्लेख आवश्यक आहे. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत १८१७ साली बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली, तेव्हा स्वतःच्याच किल्लीखेरीज कशानेही न उघडणारे कुलूप करणाऱ्यास सरकारने शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी जेरेमाया चब याने जे कुलूप सादर केले, त्याचे वैशिष्ट्य केवळ मजबुतीत नव्हते. परक्या किल्लीने किंवा तारेने त्याच्याशी झटापट केली आणि आतील एखादी पट्टी गरजेपेक्षा वर उचलली गेली, की ती तेथेच अडकत असे. त्यानंतर खऱ्या किल्लीनेही कुलूप लगेच उघडत नसे आणि मालकाला कळून चुके की मागे कोणीतरी हात लावला होता. त्याच गोदीजवळ कैद्यांच्या जहाजावर मूळचा कुलूपकार असलेला एक कैदी होता. कुलूप उघडल्यास माफी आणि वर शंभर पौंड, असे आमिष दाखवूनही त्याला ते उघडता आले नाही, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार आला आणि त्याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत, तेही त्याची ती चुगलखोर पट्टी पूर्ववत बसवून, उघडले. त्यानंतर तो पिकॅडिलीत गेला, जेथे जोसेफ ब्रामा याच्या कारखान्याने अर्धशतकाहून अधिक काळ दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देऊ केल्या होत्या. हॉब्जला तेथे सोळा दिवसांत विभागून एक्कावन्न तास लागले, परंतु कुलूप उघडले, आणि त्याने वापरलेल्या साधनांवरून इतका वाद झाला की... (अध्यक्ष घड्याळाकडे लक्ष वेधतात.) तो वाद सोडून देणे भाग आहे. त्याबरोबर मुंबईत १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी सुरू केलेला कुलपांचा उद्योग आणि अलीगढचे कारागीर हा भागही गाळावा लागेल, याचा खेद आहे. (एक आवाज : ‘पुढच्या वर्षी!’ हशा)

प्रकरणाचे सार असे की हॉब्जच्या तोडीच्या माणसाला एक्कावन्न तास लागणारे दार किल्लीची नक्कल जवळ असलेल्याला एका क्षणात उघडते. म्हणून महागडे कुलूप घेऊन त्याच्या पाच सारख्या किल्ल्या वाटणे हा व्यर्थ खर्च होय. चबने ओळखलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे : दार कोणी उघडले, हे दारानेच सांगावे.

येथे या व्याख्यानाचा मुख्य आग्रह येतो. एकच किल्ली किंवा एकच आकडा घरातल्या चौघांना आणि बाहेरच्या तिघांना देणे, ही पद्धत घरमालकाला जेवढी घातक आहे, त्याहून अधिक ती मदतनिसावर अन्याय करणारी आहे. दागिना हरवला, की सारख्या किल्ल्या असलेल्यांपैकी सर्वांत दुबळी व्यक्ती कोण, हे ठरवण्यास वेळ लागत नाही. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३८१व्या कलमात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती आणि नव्या न्याय संहितेतही ती कायम आहे. परंतु आळ खोटा ठरला, तर गेलेले काम आणि वस्तीत गेलेली अब्रू भरून देणारी तरतूद व्यवहारात आढळत नाही. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, आणि महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आला. तरीही ‘मी त्या वेळी त्या घरात नव्हते’ हे सिद्ध करण्याचे साधन आजही त्या बाईच्या हाती नसते. स्वतंत्र आणि वेळेची नोंद ठेवणारा प्रवेशाधिकार हे ते साधन आहे. म्हणून नोंद ज्या व्यक्तीविषयी आहे, तिला ती मागताक्षणी पाहता आली पाहिजे. सोसायटीच्या फाटकावरची ॲपे येण्याजाण्याची वेळ टिपतात खरी, पण ती टिपणे पाहण्याची सोय बहुधा सदनिकाधारकालाच असते, आणि हे उलटे आहे.

(या ठिकाणी पुढच्या रांगेतील एका ज्येष्ठ श्रोत्यांनी, वीस वर्षे घरच्यासारख्या असलेल्या मावशींवर असा अविश्वास दाखवणे शोभत नाही, असा आक्षेप घेतला.) आक्षेप मनापासूनचा आहे, परंतु येथे कोणावरही अविश्वास सुचवलेला नाही. बँकेतील रोखपालाची रोज मोजणी होते, त्यात त्याचा अपमान कोणी मानत नाही, कारण ती सर्वांची होते. त्याचप्रमाणे काम सोडून जाणारी व्यक्ती कोणीही असो, ती गेल्यावर लॅचचे नळकांडे बदलण्याचा घराचा नियमच असेल, तर ते बदलण्यात कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. सबंध लॅच काढावा लागत नाही, अनेक प्रकारांत केवळ आतील नळकांडे बदलता येते, ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाहीत. (हशा) वीस वर्षांच्या मावशींना तर हा नियम आधी समजावून सांगावा. त्यातला त्यांचा फायदा त्यांना इतरांपेक्षा लवकर कळेल.

यंत्रांवाचूनही बरेच साधते. एकाच दाराला दोन कुलुपे असावीत : एक रोजचा लॅच, ज्याची किल्ली मदतनिसाकडे राहील, आणि दुसरे असे, ज्याची किल्ली कुटुंबाबाहेर कधीच जाणार नाही. गावाला जाताना दुसरे लावले, की कोणाकडूनही काही परत न मागता प्रवेशाधिकार तेवढ्यापुरता थांबतो. शेजाऱ्यांकडे ठेवायची किल्ली पाकिटात बंद करून चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करावी. चबच्या कुलपाचे काम कागदानेही होते.

अंकीय कुलपांविषयी, वेळ थोडा असल्यामुळे, आवश्यक तेवढेच. ज्यात प्रत्येकाला वेगळा आकडा आणि त्या आकड्याला वार व तास ठरवून देता येतात, तेच घ्यावे. आकडा चार अंकी असेल तर दहा हजार शक्यता असतात, परंतु तीच चार बटणे झिजून चकचकीत झाली, की शक्यता चोवीसच उरतात. म्हणून आकडा अधूनमधून बदलावा. बोटाच्या ठशाचे आकर्षण मोठे असले, तरी ज्यांच्यासाठी ही सोय करायची, त्यांच्याच बाबतीत ती दगा देण्याचा संभव अधिक. भांडी घासून आणि साबणाच्या पाण्यात राहून बोटांवरच्या रेषा झिजतात, हे आधारच्या निमित्ताने अनेक कष्टकऱ्यांनी अनुभवले आहे. लहान मुलांचे ठसेही भरवशाचे नसतात. आधारसाठी पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी ते अद्ययावत करावे लागतात. कुलपाची बॅटरी संपत आल्याची सूचना मिळते, पण ती ऐकायला कोणी घरी असावे लागते.

मुलांविषयीचा भाग वास्तविक अर्ध्या व्याख्यानाचा होता, तो आता दोन मिनिटांत उरकावा लागत आहे. (मागून : ‘चालू द्या!’) सभागृह नऊ वाजता रिकामे करावयाचे आहे, तेव्हा थोडक्यात. मुलाच्या दप्तराला किंवा गळ्यात अडकवलेल्या किल्लीवर घराचा पत्ता असू नये. मूल आत आल्याची सूचना आईवडिलांच्या फोनवर जाणे हा अंकीय कुलपाचा खरा उपयोग आहे. तान्हे वा रांगते मूल आत आणि आई कचरा ठेवायला बाहेर, एवढ्यात वाऱ्याने दार लोटून लॅच लागणे, हा प्रसंग अग्निशमन दलाला नित्याचा आहे. त्यांचा क्रमांक १०१ असून तो फिरवण्यात संकोच करू नये, परंतु बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी लॅचची जीभ आत अडकवणारी लहान खिट्टी सरकवण्याची सवय असावी. आतली कडी रांगत्या मुलाच्या हाताला येईल इतकी खाली नसावी. आतूनही किल्लीच लागते असे कुलूप मुख्य दाराला बसवू नये. आग लागल्यास अंधारात आणि धुरात मुलाला किल्ली सापडत नाही. बसवलेच असेल, तर आतल्या बाजूचे नळकांडे काढून तेथे हाताने फिरणारी मूठ बसवून मिळते, आणि हे काम किल्लीवाला घरी येऊन करतो.