विनरार अपडेट केलंत का?



शेवगाव असो की अकोले,
ई-सेवा केंद्रात, शाळेत, पतसंस्थेत
झिप आणि रार फाइली रोज येतात.
त्या उघडायला अनेक जण विनरार वापरतात.

ऑगस्ट 2023 मध्ये
त्यातली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली.
फाइल उघडताना विनरार
मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर जात असे.
मुद्दाम तशी बनवलेली फाइल उघडली,
की हल्लेखोराला त्या संगणकावर
हवा तो कोड चालवता येई.

कंपनीने 6.23 आवृत्तीत दुरुस्ती केली.
पण विनरार आपोआप अपडेट होत नाही.

म्हणून ‘हेल्प’ मेनूत ‘अबाउट’ उघडा.
आवृत्ती पाहा.
जुनी असेल, तर अधिकृत संकेतस्थळावरून
सर्वात नवी घ्या.

अनोळखी फाइल उघडू नका.

पुन्हा सांगते,
विनरार आपोआप अपडेट होत नाही.
ते आजच अपडेट करा.