भोकं वाचता आली पाहिजेत

(व्याख्यानमालेतील व्याख्यान, बोलण्याचा ओघ तसाच ठेवून केलेलं शब्दांकन)



पत्रिकेत विषय 'संगणकाच्या गमतीजमती' असा छापलाय. तुम्ही इतक्या संख्येने आलात याचं श्रेय बहुधा त्या शब्दाला असावं. (हशा) मी मात्र आज मनापासून गंभीर गोष्ट सांगायला उभा आहे.

पडद्याकडे बघा. युनिक्स नावाच्या प्रणालीत खेळांचा एक वेगळा कप्पा असतो. त्यात 'बीसीडी' नावाचा अगदी छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला मजकूर दिला की तो त्या मजकुराचं पंच कार्ड, म्हणजे अक्षरं भोकांनी नोंदवलेलं कार्ड, काढून दाखवतो. छपाई नाही, रंग नाही, साध्या टंकचिन्हांचं चित्र. मी रोमन लिपीत आपल्या गावाचं, साताऱ्याचं नाव देतो: एस, ए, टी, ए, आर, ए. हे आलं. वर अधोरेषांची लांब ओळ, ती कार्डाची वरची कड. डावीकडे तिरकी रेघ, तो कापलेला कोपरा. गठ्ठ्यात एखादं कार्ड उलटं घुसलं तर त्या कोपऱ्यावरून लगेच कळायचं. तिरक्या रेघेच्याच ओळीत गावाचं नाव. त्याखाली बारा आडव्या ओळी, आणि जिथे भोक तिथे हा चौकटी कंस. सी भाषेत लिहिलेली ही आवृत्ती स्टीव्ह हेमन यांची, १९८९ सालची. तोवर कार्डांचा जमाना सरला होता. तरी हे चित्र काढणारा प्रोग्रॅम एका माणसाने लिहिला. प्रोग्रॅम ४८ अक्षरांवर मजकूर छाटतो. खऱ्या कार्डावर ८० मावत.

पंच कार्ड यंत्रांचे जनक होलेरिथ, अमेरिकेची १८९०ची जनगणना, आयबीएमने १९२८ साली आणलेलं चौकोनी भोकांचं ८० रांगांचं कार्ड, हा इतिहास तुम्ही वाचलेला असणार. त्यात वेळ घालवत नाही. आपल्याकडे कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा गावोगावचे संशोधक आपल्या कार्डांचे गठ्ठे तिकडे पाठवत. तेही ठाऊक असेल. पुढे जाऊ.

आता वाचायला शिकू. सगळ्यात वरच्या ओळीचं नाव बारा, तिच्या खालची अकरा, मग शून्य ते नऊ. ए ते आय ही नऊ अक्षरं म्हणजे बाराचं भोक आणि जोडीला एक ते नऊपैकी एक. जे ते आर, अकराचं भोक आणि पुन्हा एक ते नऊ. एस ते झेड, शून्याचं भोक आणि दोन ते नऊ. संपलं. एवढ्यावर इंग्रजी वर्णमाला पुरी होते. पहिली उभी रांग बघा, शून्य आणि दोन, म्हणजे एस. दुसरी, बारा आणि एक, म्हणजे ए. तिसरी? पुढे बसलेल्या मुलींपैकी कुणी सांगा. ('शून्य आणि तीन, टी!') शाब्बास. (टाळ्या) चौथी दुसरीसारखीच, म्हणजे पुन्हा ए. पाचवी अकरा आणि नऊ, आर. सहावी परत ए. तीन 'ए' तिन्ही ठिकाणी सारखे दिसतात, तेवढ्यावरूनच सरावलेला माणूस नाव ओळखेल.

अर्थ लावायला वीज लागली नाही, यंत्र लागलं नाही. पाच मिनिटांत शाळेतल्या मुलीने यंत्राची नोंद वाचली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जिथे बोलावतील तिथे सांगतो: माणसाविषयी यंत्रात ठेवलेली नोंद त्या माणसाला यंत्राच्या मदतीशिवाय तपासता आली पाहिजे. हा प्रोग्रॅम मला खेळ वाटत नाही तो यासाठी.

उदाहरण घरचंच. माझी मावशी मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत पंच ऑपरेटर होती. मोठं दालन, दोन रांगांत बसलेल्या बायका, आणि दिवसभर खटखट. एकीने कार्ड पंच करायचं, मग दुसरीने तोच कागद समोर ठेवून तेच कार्ड तपासणी यंत्रावर पुन्हा टाइप करायचं. दोघींचं जुळलं की यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला खाच पाडायचं. नाही जुळलं तर चुकलेल्या रांगेच्या डोक्यावर खाच. त्यामुळे गठ्ठा नीट ठोकून समोर धरला की उजव्या कडेवर खाचांची सरळ पन्हळ दिसायची, आणि तिच्यात एखादं कार्ड कोरं राहिलं असेल तर ते दुरूनही डोळ्यांत भरायचं.

हे सांगायचं नव्हतं खरं तर, पण निघालंच आहे तर सांगतो. मावशीच्या पर्समध्ये लोकर विणायची एक सुई असायची. ती विणकाम करत नसे. सॉर्टर नावाचं यंत्र एका वेळी एकाच रांगेवर कार्डं वेगळी करतं: त्या रांगेत सातचं भोक असलेली सगळी सातच्या कप्प्यात, आठची आठच्या. वेग मिनिटाला साडेसहाशे कार्डं. आता सातच्या कप्प्यातला गठ्ठा काढून नीट जुळवला तर त्या एका जागी सगळ्या कार्डांना भोक असणार, म्हणजे आरपार बोगदा. ट्यूबलाइटकडे धरला की उजेड दिसायचा. उजेड नाही दिसला तर मावशी सुई घालायची. सुई जिथे अडेल तिथलं कार्ड परकं.

एका महिनाअखेरीला पगाराचा तक्ता जुळेना. विभागवार बेरीज एक येते, एकूण बेरीज तीच येते, पण एका विभागात माणूस जास्त आणि दुसऱ्यात कमी. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय, उद्या इंजिनिअर येईल. उद्या पगाराचा दिवस. मावशीने कुणाला न विचारता कप्प्यांतले गठ्ठे एकेक करून उजेडाकडे धरले. चौथा का पाचवा गठ्ठा अंधारा निघाला. सुई निम्म्यावर अडली. तिथून कार्ड ओढून काढलं, तर त्याची कड दुमडलेली, सॉर्टरने भलत्याच कप्प्यात टाकलेलं. तिने तिथल्या तिथे कार्डावरची भोकं वाचली, कर्मचाऱ्याचा क्रमांक मोठ्याने सांगितला, दुमडलेल्या कार्डाची नवी प्रत पंच केली आणि योग्य गठ्ठ्यात घातली. तक्ता त्याच संध्याकाळी जुळला. शिकलेली मॅट्रिकपर्यंत. पण त्या यंत्रावर तिची सत्ता चालत होती, कारण ते जे वाचत होतं ते तिलाही वाचता येत होतं. (टाळ्या) हे सांगताना अजूनही माझी छाती भरून येते, आणि त्यापायी वेळ जास्त गेला.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'कार्डांचे एवढे गोडवे गाता, मग अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात काय झालं?' (हशा) विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात, आणि तो माझ्या विरुद्ध जातो असं समजून विचारतात. फ्लोरिडात ५३७ मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरला. अर्धवट सुटलेले, लोंबणारे कागदाचे तुकडे भिंगातून बघणारे अधिकारी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. पण भोक पाडून मत द्यायच्या त्या व्होटोमॅटिक मतपत्रिकेवर काय छापलेलं होतं? उमेदवारांची नावं नव्हती! नुसते आकडे. नावं होती यंत्राला जोडलेल्या पुस्तिकेत. मतदाराने कार्ड बाहेर काढून हातात धरलं तरी आपण कुणाला मत दिलं ते त्याला त्यावरून कळत नव्हतं. आपल्या पडद्यावरच्या या कार्डात भोकांच्या वर गावाचं नाव आहे. ती वरची ओळ तिथे नव्हती, आणि ती असती तर कितीतरी मतदारांनी चूक खोलीतच पकडली असती. शिवाय निदान वाद घालायला हातात कार्ड तरी होतं. निव्वळ विजेच्या खुणा असत्या तर भिंगातून काय बघणार होते?

म्हणून आपल्या मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटकडे मी आदराने बघतो. मी कुठल्याही पक्षाच्या वतीने बोलत नाही, मागच्या रांगेतून आवाज येतोय म्हणून आधीच सांगतो. घोटाळा आहे असंही म्हणत नाही. मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते: क्रमांक, नाव, चिन्ह. मग ती पेटीत पडते. आणि नियम असा आहे की यंत्राची बेरीज व चिठ्ठ्यांची बेरीज यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांची धरायची. कार्डाच्या काळात वरची ओळ माणसासाठी होती, पण हिशोबात भोकंच धरली जायची. इथे माणसाने वाचलेली ओळ वरचढ ठरते. ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त ती चिठ्ठी किती केंद्रांवर मोजली जाते ते बघा: २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच. माझ्या मते ती आणखी वाढावीत. खर्च होईल, वेळ लागेल. लागू द्या.

(घंटा) दहा मिनिटं? बरं. अध्यक्षांनी बघितलंय, मी अजून निम्म्यावर आहे. क्यूआरवरचा भाग मग चार वाक्यांत सांगतो. भाजीच्या गाडीवरची काळीपांढरी चौकट ही याच कार्डाच्या वंशातली. एकीकडे भोक किंवा कोरा कागद, दुसरीकडे काळं किंवा पांढरं. फरक हा की ती तुम्हाला किंवा मला डोळ्यांनी वाचता येत नाही. गाडीवाल्याची चौकट काढून तिथे कुणी आपली चिकटवली तर नुसतं बघून दोघांनाही कळत नाही, आणि असे प्रकार घडलेले आहेत. चौकटीखाली नाव आणि खात्याचे शेवटचे आकडे ठळक छापणं सक्तीचं करा, कुणाचंही काही बिघडत नाही.

दुसरी चिठ्ठी. 'मराठीत सातारा टाइप केलं तर?' करून बघू. …वाचता येत नाही. देवनागरीत 'सातारा' म्हणजे सहा खुणा, प्रत्येकीचे तीन बाइट, म्हणजे अठरा रांगा. त्यांतून एकही मराठी अक्षर वाचता येत नाही, कारण भोकांचा आतला तक्ता देवनागरीसाठी केलेलाच नाही. हो, माझ्या म्हणण्यात ही उणीव आहे आणि ती मी मान्य करतो: मावशीची सत्ता रोमन अक्षरांपुरती होती. पण कार्डात जागा नव्हती असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एका रांगेत बारा जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही, म्हणजे ४०९६ आकृत्या. आपली बाराखडी, अनुस्वार, सगळं बसून वर उरेल. बसवायला कुणीतरी बसायला हवं, एवढंच. इथे अभियांत्रिकीची मुलं आली आहेत. तुम्ही बसा. व्यंजनाला एक भोक, वर्गाला एक, मात्रेला एक अशी मांडणी करा, म्हणजे क आणि ख शेजारी दिसतील आणि का, की, कू यांतला क डोळ्यांना ओळखू येईल. तुमच्या आजीला पाच मिनिटांत वाचता आला तरच तो तक्ता चांगला समजा.

(घंटा) शेवटची चिठ्ठी, प्रोग्रॅम मिळतो कुठे. लिनक्सवर 'बीएसडीगेम्स' नावाचं पॅकेज आहे, फुकट आहे. ते घातलं की टर्मिनलवर बीसीडी लिहून पुढे तुमचं नाव द्या. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी अक्षरांचा तक्ता आणि एक कार्ड छापून दाराशी ठेवलं आहे. कार्डावर वरची ओळ मुद्दाम छापलेली नाही, सहाच रांगा आहेत आणि ते साताऱ्याचं नाव नाही. जाताना प्रत्येकी एक घ्या.