बोडीतली बारीक मासळी



'नैसर्गिक आरोग्य' म्हटलं की हल्ली शहरातल्या महागड्या बाटल्या आणि पुड्याच डोळ्यांपुढे येतात. भंडाऱ्यात मात्र ही चर्चा तलावाच्या पाळीवर उभं राहूनच करावी.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, लहान असला तर बोडी. कोहळी समाजानं ते बांधले, धानाला पाणी मिळालं, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला मासळी. 1951 च्या सुमारास मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले. मग गाळ साचला, काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं. उत्पन्न वाढावं म्हणून बाहेरचं बीज सोडलं, त्यात गवत्या मासाही आला. हा गडी पाण्यातलं गवतच फस्त करतो. आणि देशी मासे अंडी घालतात ती त्याच गवतात.

आता या देशी बारीक मासळीतल्या आरोग्याचं. बांगलादेशात मोला नावाच्या बोटभर माशावर बरंच संशोधन झालंय. हा मासा डोकं-काट्यांसकट खातात, म्हणून त्यातून कॅल्शियम मिळतं. 'अ' जीवनसत्त्व तर मुख्यतः त्याच्या डोळ्यांत आणि पोटातल्या भागात असतं. डोकं छाटून फेकलं की तेही गेलं! आपल्याकडे बारीक मासळी राखेत चोळून, धुऊन अख्खी रश्श्यात टाकतात. ते शहाणपणाचंच होतं म्हणायचं.

पण मासळी राहायला तलाव जिवंत हवा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेनं, तिचे कार्यकर्ते मनीष राजनकर आणि ढिवर बायाबापड्यांनी मिळून, अर्जुनी मोरगाव भागात तलाव पुन्हा जिवंत करून दाखवले. (हा भाग 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता.) उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. कोरड्या पात्रात नांगर फिरवायचा. पाऊस पडला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात लावायच्या, धानाच्या रोवणीसारख्या. गवत वाढलं, देशी मासे वाढले, पाखरंही आली. यात औषध नाही. बायांना कुठलं गवत कुठल्या माशाचं, हे ठाऊक होतं. त्यांना विचारलं गेलं, एवढंच नवीन. माझ्या मते तेच मोठं.

तेव्हा उन्हाळ्याआधीच्या ग्रामसभेत आपल्या तलावाचा विषय काढा. गाळ रोजगार हमीतून निघू शकतो. मच्छीमार संस्थेला सांगा, गवत्याचं बीज सोडू नका. आणि त्या सभेला ढिवर बायांना पुढच्या रांगेत बसवा.