घरच्या घरी भूकंपमापन : एक डोळस छंद
(भाषण)



११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरची भूमी हादरली. रिश्टर मापनश्रेणीवर ६.३ नोंदल्या गेलेल्या या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली. साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात लोक अंथरुणातून उठून अंगणात धावले. त्या पिढीतील माणसे आजही ही आठवण सांगतात. पण कोणी म्हणतो धक्का अर्धा मिनिट टिकला, कोणी म्हणतो पाच मिनिटे. भीतीला घड्याळ नसते.

त्याच पहाटे कोयना धरणाच्या अंतर्भागात बसविलेले एक उपकरणही जागे होते. भूमीच्या प्रवेगाची नोंद करणाऱ्या या उपकरणाने त्या काही सेकंदांतील प्रत्येक हेलकावा रेषेच्या रूपाने उमटवून ठेवला. पुढे हीच नोंद जगभरच्या अभियंत्यांनी काँक्रीटच्या धरणांच्या अभ्यासासाठी वापरली. माणसाच्या आठवणीने जे शक्य झाले नसते, ते योग्य जागी असलेल्या एका यंत्राने साधले.

अशी नोंद ठेवणे हे केवळ शासकीय वेधशाळांचेच काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जगातील अनेक देशांत शिक्षक, विद्यार्थी, कारागीर आणि निवृत्त मंडळी आपल्या घराच्या एखाद्या कोपऱ्यात लहानसे भूकंपमापक यंत्र ठेवून भूमीची स्पंदने टिपत असतात. या छंदाचे स्वरूप काय, त्याचा उपयोग कोणता आणि त्याची मर्यादा कोठे संपते, याचा विचार करणे महाराष्ट्राच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

छंदाची परंपरा

भूकंपशास्त्राच्या इतिहासात घरगुती प्रयोगशाळेला मानाचे स्थान आहे. जपानमध्ये सुमारे दोन दशके अध्यापन केलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिल्न १८९५ मध्ये मायदेशी परतले आणि आइल ऑफ वाइट या बेटावरील शाइड येथे आपल्या राहत्या घरीच त्यांनी भूकंपवेधशाळा थाटली. त्यांच्या पद्धतीची यंत्रे निरनिराळ्या देशांत बसविली गेली आणि त्यांच्या नोंदी या घरी येऊ लागल्या. १८९७ च्या आसाममधील प्रचंड भूकंपानंतर अशी यंत्रे भारतातही आली व त्यांतील एक मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत बसविण्यात आले.

या परंपरेतील दुसरे नाव आहे जे. जे. शॉ यांचे. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच या गावी वस्तू गहाण ठेवून कर्ज देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. भूकंपाचा नाद लागलेल्या या गृहस्थाने स्वतःच्या हाताने यंत्र बनविले, मिल्न यांच्या रचनेतील उणिवा हेरून त्या दूर केल्या आणि त्यातून ‘मिल्न-शॉ’ हे यंत्र जन्माला आले. पुढे कुलाब्याच्या वेधशाळेतही याच यंत्राने काम केले. एका हौशी माणसाच्या हातचे काम सागर ओलांडून मुंबईच्या किनाऱ्यावर भूमीची नाडी पाहू लागले, ही घटना बोलकी आहे.

यंत्राचे तत्त्व आणि रचना

भूकंप मोजण्यातील मूळ अडचण मोठी मौजेची आहे. जमीन हलते तेव्हा घर, टेबल आणि निरीक्षक हे सारेच तिच्याबरोबर हलतात. मग हालचाल मोजावयाची ती कोणाच्या तुलनेने? याचे उत्तर जडत्वाच्या नियमात आहे. टांगलेले वजन आपल्या जागी स्थिर राहू पाहते. चौकट मात्र जमिनीबरोबर हलते. या दोहोंमधील अंतरात जो फरक पडतो, तोच भूकंपाचा लेख होय.

दूरच्या भूकंपाच्या लाटा संथ असतात. त्या टिपण्यासाठी लंबकाचा झोकाही संथ असावा लागतो. साध्या लंबकाला एक पूर्ण झोका घेण्यास १५ सेकंद लागावेत असे वाटत असेल, तर त्याची दोरी सुमारे ५६ मीटर लांब घ्यावी लागेल. ती कोणत्या घरात मावणार? यावर शोधलेली युक्ती म्हणजे आडवा लंबक. ज्या दाराची चौकट किंचित कललेली असते, ते दार उघडे सोडले असता आपोआप हळूहळू फिरून एका ठराविक जागी येऊन थांबते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. आडवा लंबक म्हणजे असेच एक लहान दार होय. हातभर लांबीचा धातूचा दांडा एका खांबाला टेकवून तारेने तोलून धरतात, त्याच्या टोकाशी काही किलोग्रॅमचे वजन बसवितात आणि खांब अगदी थोडासा कलता ठेवतात. कल जितका कमी, तितका झोका संथ. १९७९ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने अशा घरगुती यंत्राची कृती प्रसिद्ध केली आणि पुढे ती ‘लेहमन’ यंत्र या नावाने हौशी मंडळींत सर्वतोमुखी झाली.

दांड्याच्या टोकाला एक लोहचुंबक आणि त्यासमोर बारीक तांब्याच्या तारेचे अनेक वेढ्यांचे वेटोळे बसविले की हालचालीचे रूपांतर सूक्ष्म विद्युत्प्रवाहात होते. तो प्रवाह वाढवून पूर्वी कागदाच्या गुंडाळीवर लेखणीने उमटवीत. आता तो संगणकात साठविला जातो. एकदा हललेला लंबक हेलकावतच राहू नये म्हणून त्याला जोडलेली पट्टी तेलाच्या भांड्यात बुडती ठेवतात. हे अवमंदन नसेल, तर यंत्र जमिनीची नव्हे, स्वतःचीच कहाणी लिहीत बसते.

ज्यांना एवढी खटपट शक्य नाही, त्यांच्यासाठी तयार उपकरणेही मिळतात. तेलाच्या शोधासाठी वापरला जाणारा जिओफोन हा संवेदक आणि तळहाताएवढा संगणक यांचा संयोग करून २०१६ पासून ‘रास्पबेरी शेक’ नावाचे यंत्र बाजारात आले आणि अनेक देशांतील घरांत व शाळांत पोहोचले. मात्र स्वतः बनविलेल्या यंत्रातून जे शिक्षण मिळते, ते विकतच्या यंत्रातून तितकेसे मिळत नाही.

जागेची निवड यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. वरच्या मजल्यापेक्षा तळमजल्यावरची, थेट जमिनीवर टेकलेली फरशी बरी. जवळ मोठे झाड असेल, तर वाऱ्याने हलणारी त्याची मुळेही नोंदीत उतरतात. यंत्रावर घट्ट पेटी झाकणे आवश्यक असते. अन्यथा हवेची झुळूक, तापमानातील चढउतार आणि पेटीत जाळे विणणारा एखादा कोळी यांनी काढलेल्या रेषा भूकंप म्हणून फसवून जातात.

पहिला धडा : गोंगाट ओळखणे

यंत्र सुरू झाल्यावर पहिले कित्येक दिवस ओळखण्याजोगा भूकंप दिसत नाही. दिसतो तो माणसांचा संसार. पहाटे पाण्याचा पंप सुरू होतो, रस्त्यावरून मालमोटार जाते, शेजारी मसाला कुटला जातो, मुले जिन्यावरून धावतात. प्रत्येकाची रेषा निराळी. रात्र चढत जाते तशी रेषा शांत होते. २०२० मध्ये साथीमुळे जगभर टाळेबंदी झाली, तेव्हा माणसांच्या वर्दळीमुळे होणारे भूमीचे कंपन अनेक ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या अभ्यासात वेधशाळांच्या नोंदींबरोबर घरगुती यंत्रांच्या नोंदीही होत्या.

परंतु मध्यरात्रीही रेषा पूर्णतः सरळ होत नाही. काही सेकंदांच्या अंतराने येणारी एक मंद लय तिच्यात सतत असते. ही लय समुद्राची होय. सागरावरील लाटांचे आघात भूमीत सूक्ष्म कंपने निर्माण करतात आणि ती किनाऱ्यापासून दूरवर पोहोचतात. कुलाबा वेधशाळेत काम करणारे डॉ. एस. के. बॅनर्जी यांनी अरबी समुद्र व बंगालचा उपसागर यांतील वादळांचा आणि या कंपनांचा संबंध अभ्यासून १९३० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाळ्यात खवळलेल्या दर्याची चाहूल डोंगरापलीकडच्या देशावरील घरातही लागू शकते, हे या छंदाचे एक अनपेक्षित दान आहे.

दुसरा धडा : अंतराचे गणित

भूकंपाच्या केंद्रातून निघणारे प्राथमिक तरंग भूकवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात. दुय्यम तरंग सुमारे साडेतीन किलोमीटरने. आकाशात वीज दिसल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचा अवधी मोजून विजेचे अंतर काढावे, तसाच हा प्रकार आहे. दोन तरंगांच्या आगमनात जितक्या सेकंदांचे अंतर, त्याला ८ ने गुणले की जवळच्या भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळते. पुण्यातील यंत्रावर १५ ते १६ सेकंदांचे अंतर दिसले, तर उत्तर येते सुमारे १२५ किलोमीटर. कोयनानगर पुण्याहून सरळ रेषेत तेवढेच दूर आहे. त्याच धक्क्यासाठी मुंबईच्या यंत्रावर हे अंतर सुमारे २४ सेकंद भरेल. अर्थात एका यंत्राला अंतर कळते, दिशा नव्हे. नकाशावर तीन गावांभोवती तीन वर्तुळे काढली की ती जेथे मिळतात, तेथे भूकंपाचे केंद्र. हा छंद एकट्याचा असूनही तीन गावांच्या सहकार्याशिवाय पुरा होत नाही. मात्र तिन्ही ठिकाणी दोन तरंगांमधील अवधी काटेकोर मोजला गेला पाहिजे. एका सेकंदाची चूक म्हणजे कित्येक किलोमीटरची चूक.

दूरच्या भूकंपांची कथा अधिकच विस्मयकारक आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या किनाऱ्यालगत महाभूकंप झाला तेव्हा भारतात सकाळचे ११ वाजून १६ मिनिटे झाली होती. तेथील प्राथमिक तरंगांना पृथ्वीच्या पोटातून मुंबईपर्यंत येण्यास सुमारे १० मिनिटे लागतात. दुय्यम तरंग त्यानंतर सुमारे ८ मिनिटांनी येतात आणि पृष्ठभागावरून येणाऱ्या मोठ्या लाटा अर्ध्या तासाच्या सुमारास. घरात कोणाला काही जाणवत नाही, पेल्यातील पाणी हलत नाही; यंत्राची रेषा मात्र डोलू लागते.

यंत्र काय सांगू शकत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. असे यंत्र घरी असल्याचे गावात कळले की एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता मोठा धक्का केव्हा बसणार?’ या प्रश्नाचे उत्तर घरगुती यंत्राजवळ नाही आणि जगातील कोणत्याही वेधशाळेजवळही नाही.

महाराष्ट्रातील दोन अनुभव याची साक्ष देतात. किल्लारीच्या परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते. पुढे काळ गेला, सवय झाली, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दुसरा अनुभव पालघर जिल्ह्यातील. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. भीतीने लोक थंडीत उघड्यावर झोपले. परंतु किल्लारीसारखा विनाशकारी भूकंप त्यामागून आला नाही. दोन्हीकडे आरंभ लहान धक्क्यांचाच होता. त्यांवरून पुढचे सांगता आले नसते. अशा वेळी ‘उद्या अमुक वाजता’ असे सांगणारा अफवा पसरवितो, तर ‘काहीच होणार नाही’ असे सांगणारा खोटा दिलासा देतो. यंत्राजवळ बसणाऱ्याने या दोन्ही मोहांपासून दूर राहिले पाहिजे. आपली नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने दिलेल्या माहितीशी ताडून पाहावी आणि झाले तेवढेच सांगावे.

एवढ्यानेही पुष्कळ साधते. हैती या गरीब देशात २०१० च्या भीषण भूकंपानंतर काही वर्षांनी नागरिकांच्या घरांत लहान यंत्रे बसविण्यात आली. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तेथे पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा या घरगुती यंत्रांनी टिपलेल्या नोंदींवरून त्याचा व त्यामागून आलेल्या धक्क्यांचा अभ्यास करणे शास्त्रज्ञांना शक्य झाले. भविष्य कोणी सांगितले नव्हते. पण घडले ते नेमके काय, हे सांगणारे साक्षीदार यावेळी घराघरांत होते.

यंत्रापासून घराकडे

किल्लारीत माणसांचा जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. दगड-मातीच्या जाड, एकमेकींशी न बांधलेल्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद; धक्क्यासरशी भिंती उकलल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आले. म्हणूनच या छंदाची खरी परीक्षा यंत्राच्या संवेदनक्षमतेत नाही. ज्याच्या घरातील रेषा दररोज सांगते की पायाखालची भूमी कधीच पूर्ण स्थिर नसते, त्याचे लक्ष एक ना एक दिवस त्याच घराच्या भिंतींकडे गेले पाहिजे. कोपरे सांधलेले आहेत काय, भिंतींना बांधणारा सलग पट्टा आहे काय, डोक्यावरचे ओझे कमी करता येईल काय, कपाट भिंतीला जखडलेले आहे काय, हे प्रश्न त्याला पडले पाहिजेत.

महाराष्ट्रातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत असा आडवा लंबक विद्यार्थ्यांनी स्वतः उभारावा, त्याची नोंदवही ठेवावी, शेजारच्या दोन शाळांशी वेळा जुळवून वर्तुळे काढावीत, हे मुळीच अशक्य नाही. जडत्व, विद्युत्चुंबकत्व, तरंगांची गती आणि भूमिती हे चार धडे त्यांना एकाच पेटीत सापडतील. आणि एखाद्या रात्री खरोखरच जमीन हादरली, तर त्या गावात भीतीने सांगितलेल्या दहा गोष्टींबरोबर घड्याळ लावून लिहिलेली एक रेषाही असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने त्या रेषेभोवती जमावे आणि तेथून उठून आपापल्या घरांच्या भिंती तपासाव्यात.