डॉ. मुंजे : रणभूमी ते रामभूमी



१८९८ साली वैद्यकीय पदवी घेतलेले तरुण बाळकृष्ण शिवराम मुंजे वैद्यकीय पथकातून बोअर युद्धावर दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढे ते नागपुरात नेत्रवैद्य, टिळकांचे अनुयायी, हिंदु महासभेचे अध्यक्ष आणि गोलमेज परिषदेचे सदस्य झाले.

१९३२ साली डेहराडूनला सैनिकी अकादमी निघाली. पण तेथे जाण्याजोगी मुले घडवणार कोण? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९३७ साली, वयाच्या पासष्टीत, त्यांनी आपल्या नाशकात भोसला मिलिटरी स्कूल उभारले.

त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. परंतु घरातला मुलगा 'सैन्यात जातो' म्हणाला, तर आपण त्याला काय उत्तर देतो? डॉक्टरांचे खरे स्मरण त्या उत्तरातच आहे.