वांग्याच्या आकाराची मूस



मी आज शालेय पुस्तकातल्या एका उभ्या यादीबद्दल बोलणार आहे. पोटॅशियमपासून सोन्यापर्यंत उतरत येणारी धातूंची क्रियाशीलता श्रेणी. मुले ती पाठ करतात. बरीच वर्षे मीही ती पाठच करून घेतली, आणि ते चुकले असे आज मला मनापासून वाटते.

ही श्रेणी कागदावर येण्याच्या कितीतरी आधी भट्टीवर बसणाऱ्या माणसांना ठाऊक होती. सोने नदीच्या वाळूत धातूच्या रूपातच मिळते. तांब्याने ऑक्सिजन सैल धरलेला असतो. कोळशाच्या धगीत तो सुटतो. लोखंड चिवट, त्याला भात्याचा जोर लागतो. ढोबळमानाने पाहिले तर माणूस या यादीच्या तळाकडून एकेक पायरी वर चढत गेला.

मग येते जस्त. यादीत ते लोखंडाच्या जरासेच वर आहे. तेव्हा लोखंड साधले की जस्तही लवकरच साधले असेल, असे विद्यार्थी धरून चालतो. तसे झाले नाही. जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळशाने ओढून घ्यायला सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि जस्त उकळते ९०७ अंशांना. म्हणजे धातू तयार होतो तोच वाफेच्या रूपात. उघड्या भट्टीत ही वाफ वर जाते, हवेला भेटते आणि पुन्हा पांढरी राख होते. जन्मला त्याच क्षणी धातू हातातून गेला! पितळ करणारे कारागीर जस्ताचे खनिज तांब्याबरोबर तापवून काम भागवत. ती वाफ तांब्यातच मुरे. पण निव्वळ जस्त हाती येत नव्हते.

उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरांत जावर नावाचे गाव आहे. तिथल्या कारागिरांनी ही गाठ सोडवली. हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात तिथल्या भट्ट्या उकरून काढल्या. मातीची मूस, वांग्याच्या आकाराची. भाजलेले धातुक आणि कोळशासारखे पदार्थ तिच्यात भरायचे, तोंडाला मातीची लांब नळी लिंपायची आणि मूस उलटी करायची. आतला माल खाली सांडू नये म्हणून नळीतून एक काडी खोचलेली. भट्टी तापली की काडी जळून जाते आणि तिच्या जागी वाफेला वाट राहते. अशा ३६ मुशी एका भट्टीत, भोकांच्या चौथऱ्यावर उभ्या. वर आग, खाली थंड कोठी. वाफ वर न जाता खाली उतरते, हवा लागण्याआधी निवते आणि थेंबाथेंबाने जस्त साचते. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात या मुशीचे नाव आहे वृंताक मूषा. वृंताक म्हणजे वांगेच. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

वापरून झालेल्या मुशी जावरच्या लोकांनी घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचल्या. मी तिथे गेलो तेव्हा अशा एका भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. उष्णतेने मुशीची कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. ती काडी खोचणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही. मला मात्र तो आपल्या क्षेत्रातला थोर माणूस वाटतो.

यादीत आणखी वर ॲल्युमिनियम आहे. तिथे कोळसा हात टेकतो. ॲल्युमिनियमने धरलेला ऑक्सिजन भट्टीच्या कोळशाला सोडवता येत नाही; तिथे वीजच लागते. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न कळता, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्याचे विद्युत अपघटन केले. आजही एक किलो ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४ युनिट वीज जाते. जुने भांडे वितळवून तोच धातू पुन्हा घ्यायला त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास ऊर्जा पुरते. कोल्हापूरकडे राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर बॉक्साइट खणले जाते. तिथल्या शाळेतल्या मुलाला विद्युत अपघटन शिकवताना आपण त्याला खिडकीतून बाहेर का पाहू देत नाही?

माझी मागणी छोटी आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने सोडावा. खिळ्यावर चढणारा तांबूस थर आणि फिकट होत जाणारा निळा रंग त्याने स्वतः पाहावा. शिक्षकाने टेबलावर एकदा करून दाखवणे पुरेसे नाही. मग त्याला विचारावे, हेच जर भट्टीत करायचे असेल तर काय लागेल? श्रेणी तिथून सुरू व्हावी.

सभागृहाच्या दाराशी काल संध्याकाळी मी दोन बरण्या मिठाच्या पाण्याने भरून ठेवल्या आहेत. एकीत छपराच्या जस्ती पत्र्याचा तुकडा आहे, दुसरीत कथलाचा मुलामा असलेल्या डब्याच्या पत्र्याचा. दोन्हींवर खिळ्याने लोखंड दिसेपर्यंत खोल ओरखडा काढला आहे. जस्त लोखंडाच्या वर, कथील लोखंडाच्या खाली. चहाला जाताना दोन्ही ओरखडे नीट पाहून घ्या. दुपारच्या सत्राची सुरुवात मी तुम्हाला काय दिसले ते विचारून करणार आहे.