लिटल रॉकची शाळा

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आज अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये शिकतात. पब्लिक स्कूल म्हणजे तिथे लोकांच्या करातून चालणारी, बिनफीची शाळा. अशाच एका शाळेविषयी आज आपण बोलू: आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक या लहानशा शहराचे सेंट्रल हायस्कूल.

इमारत १९२७ सालची. खर्च पंधरा लाख डॉलर. दर्शनी दारावर चार मूर्ती आहेत: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. (महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रहही त्याच वर्षीचा.) शाळा मात्र फक्त गोऱ्या मुलांची. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५७ च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णीय मुले या शाळेत जायला निघाली.

४ सप्टेंबरला सगळ्यांनी मिळून जायचे ठरले होते. एलिझाबेथ एकफर्डच्या घरी टेलिफोन नव्हता, त्यामुळे तिला निरोप पोचलाच नाही. पंधरा वर्षांची ती पोर घरी शिवलेला झगा घालून एकटीच गेली. पुढे गव्हर्नर फॉबस यांनी उभे केलेले बंदूकधारी शिपाई, मागे शिव्या देणारा जमाव. ती बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवले आणि २५ सप्टेंबरला संगिनींच्या पहाऱ्यात नऊही जण शाळेत गेले.

इथवरची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. आम्हांला खरा विचार करायला लावते ते पुढचे वर्ष.

सप्टेंबर १९५८ मध्ये गव्हर्नरांनी शहरातली चारही सरकारी हायस्कुले बंद केली. त्यात कृष्णवर्णीयांचे हायस्कूलही आले. मग मतदान झाले. एकत्र शिक्षणाच्या विरोधात सुमारे १९ हजार मते पडली, बाजूने साडेसात हजार. म्हणजे काही थोडी मुले आत येऊ नयेत म्हणून नागरिकांनी आपल्याच साडेतीन हजारांहून अधिक मुलांच्या शाळेला कुलूप लावून घेतले! शिक्षकांशी करार झालेले होते, म्हणून ते रोज येऊन रिकाम्या वर्गात बसत. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुले खासगी शाळेत किंवा परगावी नातेवाइकांकडे धाडली. ज्यांची नव्हती, त्यांच्यापैकी कित्येकांचे शिक्षण तिथेच संपले. परमुलखात येऊन पदरमोड करून शाळा काढणाऱ्या पूर्वजांची आपण लेकरे. आपल्याला हे कुलूप अधिकच खुपावे.

ते निघाले कसे? शहरातल्या गोऱ्या मध्यमवर्गीय महिलांनी एक समिती काढली आणि शाळा उघडा म्हणून घरोघर प्रचार केला. १९५९ च्या मे महिन्यात शाळा मंडळातल्या वर्णभेदवादी सदस्यांनी ४४ शिक्षक व कर्मचाऱ्यांना काढून टाकण्याचा घाट घातला, तेव्हा कुठे सुस्त शहर हलले. फेरमतदान होऊन त्या तिघांनाच घरी बसावे लागले. ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा उघडल्या.

त्या नवांपैकी अर्नेस्ट ग्रीन कुलूप लागण्यापूर्वीच, मे १९५८ मध्ये, पदवीदान समारंभातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला होता. प्रेक्षकांत मार्टिन लूथर किंग बसले होते.

सेंट्रल हायस्कूल १९९८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, तरी वर्ग रोज भरतात. वार्ताहर जिथून फोनवर बातम्या देत, तो समोरचा जुना पेट्रोलपंपही जपून ठेवला आहे. तो पाहायला प्रवासी येतात, आणि रस्त्यापलीकडे मुले दप्तरे घेऊन त्याच चार मूर्तींखालून आत जातात.